देव मानत नाही, पण वर्णम नाचायचं आहे

पत्र थोडक्यात: पुण्यातल्या एका आईचं हे पत्र आहे. घर बौद्ध. सासऱ्यांनी लहान वयात, वडिलांचं बोट धरून १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेली. बावीस प्रतिज्ञा घरात भिंतीवर आहेत आणि पाळल्याही जातात. सतरा वर्षांची मुलगी लहानपणापासून भरतनाट्यम शिकते आहे आणि या हिवाळ्यात तिचं अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर एकल कार्यक्रम, आहे. सुरुवातीला नटराजाची आणि घुंगरांची पूजा, मग पुष्पांजली, गणेश कौत्वम (गणपतीची स्तुती), शंकरावरचं वर्णम (कार्यक्रमातली सर्वात मोठी, अभिनयाची रचना) आणि पुढे दशावतार, असा कार्यक्रम ठरतो आहे. मुलीचे वडील म्हणतात, "ज्या देवांना आपण सोडलं त्यांच्यापुढे माझी मुलगी भरल्या सभागृहात हात जोडणार?" गुरू म्हणतात, "ही ईश्वराची कला आहे, भक्ती नसेल तर अभिनय उतरणार नाही." सासूबाईंना तर मुलीनं नाचणंच मुळात खटकतं. आईचा प्रश्न असा: धर्म आणि हे नृत्य वेगळं करता येतं का? येत नसेल तर इतक्या वर्षांनी मुलीला थांबवायचं का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. त्यात तुमचे यजमान बोलतात, सासूबाई बोलतात, गुरू बोलतात, तुम्ही बोलता. जिचं अरंगेत्रम आहे तिचं एकही वाक्य त्यात नाही. तिच्याकडे मी नंतर येते, कारण बाकीच्यांचं म्हणणं नीट ऐकल्याशिवाय तिच्याशी काय बोलायचं ते ठरणार नाही.

आधी तुमच्या यजमानांबद्दल. अशा वादात वडिलांना हट्टी ठरवून टाकणं फार सोपं असतं. मला ते हट्टी वाटत नाहीत. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही, हे पहिल्या तीन प्रतिज्ञांमध्ये आहे. ज्या घरानं हे वचन दिलं आणि त्यासाठी गावाचा, नातेवाइकांचा रोष सोसला, त्या घरातल्या माणसाला 'अहो, कलेत कुठे धर्म आणता?' असं म्हणणं अन्यायाचं आहे. कार्यक्रमात धर्म त्यांनी आणलेला नाही. तो आधीपासून तिथे आहे, त्यांनी फक्त त्याच्याकडे बोट दाखवलं.

सासूबाईंच्या नाराजीलाही इतिहास आहे. खंडोबाला सोडलेल्या मुरळ्या, यल्लम्माच्या जोगतिणी आपल्याच भागातल्या, आणि त्या मुली बहुतेक कुणाच्या घरातल्या असत ते तुम्हाला सांगायला नको. देवदासी म्हणून मुली सोडण्याविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली कायदा झाला, तरी महाराष्ट्राला २००५ साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. १९३६ साली मुंबईत परळला बाबासाहेबांनी मुरळ्या, जोगतिणी, आराधी यांची सभा घेतली आणि हे जिणं सोडून द्या असं त्यांना सांगितलं. म्हणून 'नृत्य ही देवाची सेवा' हे वाक्य सभागृहातल्या बाकीच्यांना गोड वाटतं तेव्हा सासूबाईंच्या कानाला ते वेगळं ऐकू येतं. मुलीच्या गुरूंना हे कदाचित कधी सुचलंही नसेल. त्यांना कुणीतरी, शक्यतो तुम्हीच, शांतपणे सांगायला हवं. मात्र बाबासाहेबांचा आक्षेप मला समजतो तो असा: देवाच्या नावावर बाईचं आयुष्य दुसऱ्याच्या ताब्यात देऊ नये. त्यांची नात स्वतःच्या इच्छेनं शिकते, उद्या स्वतःच्या नावानं रंगमंचावर उभी राहणार आहे, तिला कुणी सोडलेलं नाही, हे सासूबाईंना सांगून पाहा. पटेलच असं नाही. पण निदान त्यांची भीती तुम्हाला कळली आहे, एवढं तरी त्यांच्यापर्यंत पोहोचेल.

आता गुरूंचं वाक्य: ही ईश्वराची कला आहे. यातलं किती खरं?

बरंचसं खरं आहे, आणि ते नाकारून तुमचं काम होणार नाही. नाट्यशास्त्राची सुरुवातच ब्रह्मदेवानं चार वेदांतून एकेक अंश घेऊन पाचवा वेद घडवला या कथेनं होते. शूद्रांना वेद ऐकायची परवानगी नव्हती म्हणून सर्व वर्णांसाठी हा वेगळा वेद, असं तो ग्रंथच सांगतो. म्हणजे विषमतेची कबुली कथेतच आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराचा शिलालेख सांगतो की राजराज चोळानं अकराव्या शतकाच्या सुरुवातीला चारशे स्त्रिया मंदिरसेवेसाठी आणून वसवल्या. चिदंबरमच्या गोपुरांवर १०८ करणं, म्हणजे नृत्यातल्या अंगस्थिती, कोरलेली आहेत. देऊळ या नृत्याच्या हाडात आहे.

पण फक्त देऊळच नाही. तुमची मुलगी ज्या क्रमानं नाचणार आहे तो क्रम बसवला तंजावरच्या दरबाराशी जोडलेल्या चार भावांनी: चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू. दरबार होता मराठ्यांचा, दुसऱ्या सरफोजीराजांचा, ज्यांची कारकीर्द १७९८ ते १८३२. अलारिपू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, जावळी, तिल्लाना. या क्रमाची सुरुवात पाहा. अलारिपूला शब्दच नाहीत. बोल आणि लय एवढंच, आणि मान, डोळे, खांदे, हात एकेक करून उमलत जातात. ना कुठला देव, ना कथा. त्या काळची कितीतरी वर्णम थेट राजाला उद्देशून आहेत. जावळी तर उघडउघड माणसाच्या प्रेमाची. सरफोजीराजांच्या नावावर नृत्यासाठी रचलेली मराठी निरूपणं आहेत, ती आचार्य पार्वतीकुमारांनी मुंबईत अनेक वर्षं खपून पुन्हा रंगमंचावर आणली आणि पुण्याच्या सुचेता भिडे-चापेकरांनी मराठा राजांच्या नृत्यरचनांवर मोठं काम केलं. म्हणजे भरतनाट्यममध्ये मराठी शब्दांवर पाय उचलणं हा कुणाचा आधुनिक हट्ट नाही, ती दोनशे वर्षांची वहिवाट आहे.

मग आज कार्यक्रमाला जाताना देवळात गेल्यासारखं का वाटतं? त्याचं बरंचसं कारण विसाव्या शतकात आहे. देवदासी प्रथेविरुद्ध चळवळ सुरू झाली, मद्रासमध्ये १९४७ साली कायदा झाला, आणि तेव्हा सदिर म्हणून ओळखलं जाणारं हे नृत्य ज्या घराण्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या होतं, त्यांच्या बायकांच्या हातून ते निसटत गेलं. त्याच सुमाराला, १९३५ साली, रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पहिल्यांदा जाहीर नृत्य केलं आणि पुढच्या वर्षी त्यांची कलाक्षेत्र ही नृत्यसंस्था उभी राहिली. वरच्या जातींतल्या, सुशिक्षित घरांतल्या मुली शिकायला याव्यात यासाठी नृत्याला प्रतिष्ठा हवी होती. ती प्रतिष्ठा धर्मातून आली. शृंगाराच्या रचना मागे पडल्या, भक्तीच्या पुढे आल्या, रंगमंचावर नटराजाची मूर्ती आली. रुक्मिणीदेवींनी ही कला टिकवली हे मी मनापासून मानते. पण त्या शुद्धीकरणात काय आणि कोण बाजूला पडलं हा प्रश्न आज त्या घराण्यांच्या वारसदार स्त्रिया जाहीरपणे विचारत आहेत आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे.

देवदासी परंपरेतल्याच थोर नर्तकी बालसरस्वतींना हे शुद्धीकरण अजिबात मान्य नव्हतं. शृंगार वगळायचा नाही, त्यातूनच भक्ती येते, ही त्यांची भूमिका. आणि तरीही त्यांनीच १९७५ च्या एका भाषणात साऱ्या कार्यक्रमाच्या रचनेला देवळाची उपमा दिली: अलारिपू हे गोपुर, आणि तिथून आत आत जात वर्णम हा देवाचा परिसर आणि पदम हा गाभारा. म्हणून ताई, धर्म म्हणजे वरून दिलेला रंग, खरवडला की आत शुद्ध कला, असं मी तुम्हाला सांगणार नाही. कुणासाठी तो हाडात आहे, कुणासाठी तो नंतर चढवलेला आहे. दोन्ही माणसं या कलेत मोठी झाली आहेत.

आणि तिसरीही झाली. आपल्याच महाराष्ट्रात, वाडा गावी जन्मलेल्या नर्तकी चंद्रलेखांनी १९८५ साली 'अंगिक' मध्ये देवांच्या कथा पूर्ण बाजूला ठेवल्या आणि भरतनाट्यम, कलरीपयट्टू ही केरळी युद्धकला आणि योग यांतून नुसतं शरीर बोलतं केलं. कथकमध्ये अवधचा नवाब वाजिद अली शाह आपल्या रहस या नृत्यनाट्यात स्वतः कृष्ण होत असे आणि त्यामुळे त्याचं मुसलमान असणं संपलं नाही. फादर फ्रान्सिस बार्बोझा या कॅथलिक धर्मगुरूंनी ख्रिस्ताच्या कथेसाठी भरतनाट्यमचे नवे हस्त, म्हणजे हातांच्या मुद्रा, घडवले. 'भक्ती नसेल तर अभिनय उतरणार नाही' या वाक्याला एवढी उदाहरणं पुरेत. गुरूंच्या बोलण्यातला एक भाग मात्र मी उचलून धरीन. ज्या पात्राची भक्ती दाखवायची आहे त्या पात्राचं जग नर्तकीला आतून माहीत हवं. नाक मुरडत केलेली शिवस्तुती प्रेक्षकाला तिसऱ्या रांगेतूनही कळते. तुमच्या मुलीनं शंकरावरचं वर्णम करायचं ठरवलं तर त्या नायिकेची तळमळ तिला पूर्ण करावी लागेल, हातचं राखून चालणार नाही.

इथेच मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर दिसतं. नृत्य आणि धर्म वेगळे करायचे का, असा प्रश्न घेतला तर हजार वर्षांचं ओझं तुमच्या सतरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर येतं. त्याऐवजी कार्यक्रमातली एकेक जागा घ्या आणि एवढंच विचारा: इथे हात कोण जोडतं आहे? ती स्वतः, की तिनं उभं केलेलं पात्र?

पूजेत हात तिचे स्वतःचे असतात. तिथे अभिनय नाही. तिनं अमुक मूर्तीला देव मानावं अशी तिथे अपेक्षा आहे. वर्णममध्ये हात नायिकेचे असतात. सतरा वर्षांच्या मुलीला विरहिणी होण्यासाठी आधी प्रियकर गमवावा लागत नाही. नायिका देवाची विनवणी करते, त्याच्यावर रुसते. तेलुगू कवी क्षेत्रय्याच्या पदांमध्ये तर दुसरीकडे रात्र घालवून आलेल्या देवाला दारातूनच परत पाठवते. तो राग कुणी नर्तकीचा समजत नाही. मग तिची भक्तीच तेवढी तिची का समजायची? तुमच्या यजमानांपुढे मी हा एकच मुद्दा ठेवीन, कारण मला वाटतं तो त्यांना पटण्यासारखा आहे.

याप्रमाणे कार्यक्रम पाहू. नटराजाची पूजा गुरूंची आहे, ती त्यांनी करावी, पडदा उघडण्याआधी. मुलीनं गुरूंना वाकून नमस्कार करावा आणि घुंगरू त्यांच्या हातून घ्यावेत. विद्या देणाऱ्यापुढे वाकायला तुमच्या घरात कुणाची हरकत असेल असं मला वाटत नाही. त्याच जागी बुद्धांची मूर्ती किंवा बाबासाहेबांचा फोटो ठेवायचा का? ठेवता येईल, गुरूंशी बोलून. माझं मत विचाराल तर रंगमंच मोकळाच ठेवा. एका मूर्तीच्या शेजारी दुसरी आली की संध्याकाळभर लोक त्याबद्दलच बोलतील आणि मुलीची इतक्या वर्षांची मेहनत बाजूला राहील.

पुष्पांजली श्लोकाशिवाय, नुसत्या जतींवर, म्हणजे तालाच्या बोलांवर, करता येते. गणेश कौत्वम गाळून थेट अलारिपूनं सुरुवात केली तर परंपरेला कुठेही धक्का लागत नाही, उलट ती तंजावरच्या क्रमाच्या अधिक जवळ जाते. वर्णमला हात लावू नका. ते अर्ध्या-पाऊण तासाचं असतं, ते अंगात मुरायला महिने लागतात, आता बदलायचं म्हटलं तर अरंगेत्रमच पुढे जाईल. ते ती पात्र म्हणून करील.

दशावताराबद्दल मात्र मी तुमच्या यजमानांच्या बाजूनं ठाम उभी आहे. तुम्ही पत्रात तो ओघात लिहिला आहे, पण दशावतार बहुतेकदा जयदेवाच्या अष्टपदीवर बसवलेला असतो, आणि त्यात नववा अवतार बुद्ध आहे. केशवानंच बुद्धाचं शरीर धारण केलं असं ते पद म्हणतं. बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे, हा खोटा प्रचार आहे, अशी पाचवी प्रतिज्ञा आहे. इथे पात्राचा आधार घेता येत नाही, कारण दशावतारात कुणी नायिका बोलत नाही, नर्तकी स्वतः एकेक अवतार प्रेक्षकांसमोर मांडत जाते. बौद्ध घरातल्या मुलीनं हे पद नाकारलं तर त्यात कलेचा अपमान नाही. गुरूंना कारण सांगा, त्यांना ते कळेल असा माझा विश्वास आहे.

त्या जागी काय? मला एक गोष्ट फार दिवसांपासून कुणीतरी करावीशी वाटते, म्हणून सांगते. थेरीगाथेत, म्हणजे बौद्ध भिक्षुणींच्या पाली काव्यसंग्रहात, आम्रपालीच्या गाथा आहेत. वैशालीची ती गणिका, पुढे भिक्षुणी झाली. म्हातारपणी ती आपल्याच देहाकडे पाहते: भुंग्यांसारखे काळेभोर, टोकाशी कुरळे केस होते, आता ते तागाच्या सालीसारखे झाले. मग भुवया, डोळे, नाक, कान, दात, आवाज, मान, हात, थेट पावलांपर्यंत. आणि प्रत्येक गाथेच्या शेवटी तेच पालुपद: 'सच्चवादिवचनं अनञ्ञथा', सत्यवाद्याचं वचन खोटं ठरत नाही. भरतनाट्यम शिकणाऱ्या मुलीला भुवई, बुबूळ, मान, मनगट यांचे वेगवेगळे धडे दिलेले असतात. या गाथा त्या धड्यांसाठीच लिहिल्यासारख्या आहेत. एकेका कडव्यात तारुण्य आणि वार्धक्य, आणि पल्लवीसारखं परत येणारं ते पालुपद. स्वर, ताल, संचारी (अभिनयानं केलेला विस्तार) हे सगळं नव्यानं बसवावं लागेल. म्हणून या हिवाळ्याची घाई करू नका. अरंगेत्रमला दशावताराच्या जागी सरफोजीराजांच्या परंपरेतलं एखादं मराठी निरूपण किंवा शुद्ध नृत्ताची, म्हणजे कथेशिवायची, रचना घ्या. आम्रपाली दोन वर्षांनी, मुलगी थोडी मोठी झाल्यावर, गुरू तयार असतील तर त्यांच्याकडून, नाहीतर तिची तिनं.

रोजच्या वर्गातला ध्यानश्लोक हा आणखी एक मुद्दा, तुम्ही विचारला नाहीत तरी मनात असेल. 'आङ्गिकं भुवनं यस्य' मध्ये चारही अभिनयांची नावं येतात, सगळं विश्व हे ज्याचं शरीर अशी कल्पना आहे, आणि शेवटी नमस्कार शिवाला आहे. परीक्षेसाठी तो पाठ करणं, देवहस्त शिकणं हा अभ्यास आहे. वर्गात तो म्हणायचा की शांत उभं राहून ऐकायचा हे तिच्यावर सोडा.

गुरूंशी बोलायला तुम्ही दोघांनी मिळून जा, आणि लवकर जा. गायक-वादक ठरले, पत्रिका छापून आल्या की प्रत्येक बदल भांडणासारखा वाटतो. 'आम्हाला हे देव चालत नाहीत' अशी सुरुवात करू नका. आमच्या घरानं काय वचन दिलं आहे आणि त्याला किती किंमत मोजली आहे, हे सांगा, आणि कुठल्या दोन-तीन जागी अडचण आहे तेवढंच सांगा. त्यांच्या श्रद्धेबद्दल चकार शब्द नको. ती त्यांची आहे आणि तिच्या बळावर त्यांनी तुमच्या मुलीला घडवलं आहे. पत्रिकेवर 'ईश्वरचरणी अर्पण' असलं वाक्य नको एवढी विनंतीही तेव्हाच करा. त्या ठाम नाही म्हणाल्या तर? तोही त्यांचा अधिकार आहे. मग अरंगेत्रम सहा महिने लांबवून दुसऱ्या गुरूंकडे जायचं की आहे तसा कार्यक्रम करायचा, हा निर्णय उरतो, आणि तो मुलीचा असायला हवा.

अशीच पत्रं मला मुस्लिम आणि ख्रिश्चन घरांतूनही येतात, म्हणून त्या वाचकांसाठी दोन शब्द. कथक शिकणाऱ्या मुलीला वंदनेऐवजी सलामीनं किंवा आमदनं सुरुवात करता येते. दोन्ही त्याच परंपरेतल्या आहेत. आणि मनाची तयारी ठेवा की दार कधीकधी दुसऱ्या बाजूनं बंद होतं. २०२२ साली केरळात इरिंजालकुडाच्या कूडलमाणिक्यम मंदिरानं मानसिया व्ही. पी. या नर्तकीचा ठरलेला कार्यक्रम ती हिंदू नाही म्हणून काढून टाकला. कथकलीचे थोर गायक कलामंडलम हैदरअली आयुष्यभर देवांची पदं गायले, पण कित्येक देवळांच्या आत त्यांना गाता आलं नाही. हे दुःख खरं आहे, आणि ते मुलांपासून लपवून ठेवू नये.

आता तुमची मुलगी. ती गप्प आहे म्हणजे तिचं मत नाही असं धरू नका. रियाज न चुकवणं हेही काही सांगणं आहे. तिला गुरूंसमोर नको, वडिलांसमोर नको, एकटीला विचारा: कुठल्या क्षणी तुला अवघड वाटतं? कदाचित ती म्हणेल, कुठेच नाही. कदाचित तिला नेमका तो रोजचा श्लोक खुपत असेल. आणि कदाचित, याचीही तयारी ठेवा, तिला ते देव आवडू लागले असतील. दीक्षा आजोबांनी घेतली, तुम्ही ती निष्ठेनं पाळली. तिला ती समजून-उमजून स्वतः घ्यावी लागेल आणि सतरा हे त्याचं वय आहे. तिचं उत्तर तुम्हाला आवडलं नाही तरी पूर्ण ऐका.

यजमानांना एकदा तालमीला घेऊन जा. वर्णम पहिल्यापासून शेवटपर्यंत बघू द्या, सूचना न देता. नंतर त्या नायिकेबद्दल मुलगीच त्यांना सांगू दे: ती कोण आहे, ती का रडते, तिला काय हवं आहे. गुरूंकडे जायचं ते यानंतरच्या आठवड्यात.